सर्दीची गोळी आणि बरे होणे

सर्दी विषाणूंमुळे होते आणि दुकानात चिठ्ठीवाचून मिळणारी कोणतीही गोळी त्या विषाणूंना मारत नाही की आजाराचे दिवस कमी करत नाही. ती केवळ लक्षणे दडपते, आणि बरे होण्याचे काम शरीर साधारण आठवडाभरात आपले आपणच पुरे करते. कोसबाडसारख्या डहाणू-तलासरीच्या गावांत चिकूच्या वाडीवरचा एक खाडा म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी, म्हणून दवाखान्याआधी औषधाचे दुकान गाठले जाते, आणि त्यात गोळी घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

अडचण पुढे येते. दुकानदार पट्टीतून दोन-चार गोळ्या कातरून देतो, तेव्हा घटकांची नावे आणि मुदतीची तारीख बहुधा उरलेल्या तुकड्यावरच राहते. या संयुक्त गोळीत, म्हणजे अनेक औषधे एकत्र केलेल्या गोळीत, सहसा तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी क्लोरफेनिरामाइन आणि चोंदलेल्या नाकासाठी फिनाइलेफ्रिन असते. हे ठाऊक नसल्याने तापाची म्हणून आणखी एक पॅरासिटामॉल घेतली जाते; प्रौढाच्या पोटात दिवसाला ४ ग्रॅमहून अधिक गेल्यास यकृताला इजा होऊ शकते, आणि नेमाने दारू पिणाऱ्याला तर त्याहून कमी मात्राही बाधू शकते. क्लोरफेनिरामाइनने गुंगी येत असल्याने ते घेऊन झाडावर चढणे धोक्याचे ठरते. फिनाइलेफ्रिन तोंडावाटे घेतल्यास नाक मोकळे करतच नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने दिला.

मुलांच्या बाबतीत तडजोड नकोच. क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले. पुढे २०२५ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मूत्रपिंडे निकामी करणारे विषारी द्रव्य, असलेल्या खोकल्याच्या औषधाने छिंदवाड्याची मुले दगावली, त्यांतील काहींवर नागपुरात उपचार चालू होते.

गोळीने ताप उतरतो, पण छातीतला न्यूमोनिया किंवा रक्तातला हिवताप तसाच राहतो आणि तपासणीचे मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून मूल शांत असताना त्याच्या छातीची हालचाल मिनिटभर मोजावी: दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, तर दुकानाकडे न वळता त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.