इलेक्ट्रिक गाडी ठोकली? आधी बॅटरीचा कॉलम बघा

समजा शिरोलीत माल पोहोचवून परत येताना तुमची इलेक्ट्रिक कार दुभाजकावर चढली. बंपर फुटला, पण गाडी चालतेय. आपण काय करतो? ओळखीच्या गॅरेजला नेतो. इथंच चुकतं. बॅटरी गाडीच्या तळाला असते. तळ आपटला असेल तर गाडी चालवू नका, चार्जिंगलाही लावू नका. टोइंगनं न्या. फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर बघेपर्यंत एक नटसुद्धा काढू देऊ नका.

आता पैशांचं बघू. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लॅस्टिकच्या पार्टवर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी नवी असली तरी. म्हणजे बॅटरीचं बिल ४ लाख आलं, तर २ लाख तुमच्या खिशातून. पेट्रोल गाडीत बॅटरी काही हजारांची, म्हणून हा कॉलम कुणी वाचलाच नाही! झिरो डेप घेताना त्यात मुख्य बॅटरी धरलीय का, हे लेखी मागा. एजंटच्या तोंडी 'सगळं कव्हर आहे'वर जाऊ नका.

आणि हो, वरच्या उदाहरणात गाडीत माल होता, लक्षात आलं? खासगी कारच्या पॉलिसीत धंद्याचा माल वाहणं बसत नाही. क्लेम तिथंच अडकू शकतो. डिलिव्हरीसाठी गाडी हवी असेल तर मालवाहू म्हणूनच नोंदवा.

बाकी कागद नीट असूनही क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्यात विमा लोकपाल आहेत. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.