लपवलेला डबा

'खजिना' हा शब्द तुम्हांला उर्दूमुळे चांगलाच ओळखीचा आहे. खजिना म्हटले की सोन्याच्या मोहरा आणि जुना नकाशा डोळ्यांपुढे येतो. पण काही लोक असा खजिना शोधत फिरतात, की बाजारात त्याचे दहा रुपयेही येणार नाहीत! या खेळाला 'जिओकॅशिंग' म्हणतात.

हा खेळ अमेरिकेत सुरू झाला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या संदेशांवरून आपले ठिकाण कळते. पूर्वी अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठी या संदेशांत मुद्दाम चूक ठेवत असे. त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुकायचे. मे २००० च्या आरंभी ही पद्धत बंद झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली. तीत काही वस्तू, वही आणि पेन्सिल होती. ठिकाण त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले : उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. एक वस्तू घ्या, एक ठेवा, एवढीच अट. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधली.

भूगोलात तुम्ही अक्षांश-रेखांश शिकला आहात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १८५० मीटर. म्हणून दशांशचिन्हानंतरचा तिसरा अंक एकाने चुकला, तर जेमतेम दोन मीटरांचा फरक पडतो. पहिलाच अंक एकाने चुकला, तर मात्र १८५ मीटर भटकावे लागते.

आता उद्यानातल्या पायवाटेने चला. मोबाइल तुम्हांला डब्याच्या आसपास आणून सोडतो. दाट झाडाखाली तो पाच-दहा मीटर सहज चुकतो. पुढचे काम डोळ्यांचे. झाडाची ढोली, दगडाची आडबाजू, बाकाची खालची बाजू पाहायची. डबा कधी जेवणाच्या डब्याएवढा असतो, तर कधी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीएवढा. अशा डबीत नुसती कागदाची गुंडाळी असते. तिच्यावर नाव व तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच ठेवायची.

मला याच गोष्टीचे मोल अधिक वाटते. डब्याला कुलूप नाही, राखणदार नाही. तो वाटेवर ठेवलेली अमानत आहे. कुणी गंमत म्हणून तो उचलून नेला, तर त्याला अडवणारे कोणी नसते. पण मागून एखादे कुटुंब मुलांना घेऊन येते, तासभर शोधते आणि हात हलवत परत जाते.

डबा ठेवणाऱ्यालाही काही गोष्टी पाळाव्या लागतात. उद्यानाच्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. जमीन खणायची नाही. खाऊ ठेवायचा नाही, कारण उंदीर आणि मुंग्या आपल्याआधी खजिना शोधतात! डब्यावर खेळाचे नाव ठळक लिहायचे. बेवारस डबा बॉम्ब समजून पोलिसांना बोलावल्याचे प्रकार परदेशात घडले आहेत.

बीव्हरक्रीकची ती बादली आता तिथे नाही. त्या जागी एक स्मारकपाटी बसवली आहे. तेच जुने आकडे हाती घेऊन लोक आजही ती शोधत येतात.