फोन बदलू की बॅटरी?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र तुमच्या-माझ्या खिशातला आहे.

गेल्या सेमला माझ्या तीन वर्षांच्या फोनने मान टाकली. सकाळी फुल चार्ज, दुपारच्या प्रॅक्टिकलला बंद! त्यात रूममेटने नवा फ्लॅगशिप आणला. झालं, मी घरी हट्ट धरला. बाबा एवढंच म्हणाले, "घे. स्कूटरचं काम पुढच्या वर्षी करू." त्या रात्री झोप काही लागली नाही. शेवटी वही काढली आणि इंजिनिअरसारखा विचार करायचे ठरवले.

प्रश्न पहिला : नेमके बिघडले काय? फोनमध्ये बहुधा सर्वात आधी थकते ती लिथियम-आयन बॅटरी. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरली की एक सायकल पूर्ण होते. ॲपलच्या माहितीनुसार आयफोन १४ व त्याआधीच्या मॉडेल्सची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहते. आयफोन १५ पासून हाच आकडा १००० आहे. शिवाय जुन्या बॅटरीचा इंटर्नल रेझिस्टन्स वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज घसरते आणि फोन बंद पडतो. हे टाळण्यासाठी ॲपलने काही जुन्या आयफोनचा वेगच कमी केला होता आणि डिसेंबर २०१७ मध्ये तसे मान्यही केले. उपाय काय, तर नवी बॅटरी! स्टोरेज गच्च भरले तरीही फोन रेंगाळतो. त्यावरचा उपाय फुकट आहे : गॅदरिंगचे दोन हजार फोटो लॅपटॉपवर टाका.

प्रश्न दुसरा : नव्यात जास्त काय मिळणार? सॅमसंगचा एस२२ अल्ट्रा २०२२ चा, एस२५ अल्ट्रा २०२५ चा. या चारही पिढ्यांत बॅटरी ५००० एमएएच आणि चार्जिंग ४५ वॉटच राहिले. प्रोसेसर आणि कॅमेरा सुधारला, खोटं कशाला बोला? पण नोट्सचे फोटो, पीडीएफ, यूपीआय आणि आईला व्हिडिओ कॉल, यासाठी त्यातले आपल्याला किती लागते?

प्रश्न तिसरा : अपडेट किती वर्षे? सिक्युरिटी अपडेट बंद झाले असतील तर फोन खरोखर बदलायला हवा, कारण त्यात आपली बँक असते. पण त्यासाठी या वर्षीचेच मॉडेल कशाला? पिक्सेल ८ (ऑक्टोबर २०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (जानेवारी २०२४) यांना सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन आहे. म्हणजे एक-दोन वर्षांपूर्वीचा फ्लॅगशिपही स्वस्तात मिळाला तर पुष्कळ चालेल.

प्रश्न चौथा : महिन्याला किती पडतो? समजा फोन ८०,००० चा, तीन वर्षांनी २०,००० ला विकला. गेले ६०,०००, भागिले ३६ महिने, म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. बॅटरीला ३,००० धरा आणि जुना फोन अजून दीड वर्ष चालवा : महिन्याला १६७ रुपये. सरळ दहापट फरक! आणि 'नो कॉस्ट ईएमआय'ला भुलू नका. क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, बऱ्याचदा प्रोसेसिंग फी वेगळी.

माझी उत्तरे अशी आली : बॅटरी खराब, अपडेट चालू, गरज तीच. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी बदलून घेतली. आता फोन रात्री मेसमधून परत येईपर्यंत टिकतो. रूममेटचा कॅमेरा माझ्यापेक्षा भारी आहे, हे मान्य. ग्रुप फोटो तिच्याच फोनवर काढतो!

तुमची उत्तरे वेगळी आली तर खुशाल नवा फोन घ्या. फक्त आधी वही काढा, मग घरी फोन लावा.

आणि हो, बाबांची स्कूटर आता पहिल्या किकला सुरू होते.