शिंगराच्या पायांची डेडलाइन

लोड आणि बेंडिंग म्हटलं की मेकॅनिकलवाल्यांना बीम आठवतो, सिव्हिलवाल्यांना कॉलम. या लेखातला कॉलम जिवंत आहे, त्याच्यावर साधारण ५० किलो वजन आहे आणि तो रोज वाढतो. विषय आहे घोड्याच्या पिल्लाचे, म्हणजे शिंगराचे, जन्मतः वाकडे पाय. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ‘फोल’ एवढंच शिकवलं होतं. ‘शिंगरू’ हा शब्द मला आजीने दिला, आणि तो जास्त गोड आहे.

आधी घड्याळ बघू. घोडी सुमारे ११ महिने गाभण असते. शिंगरू जन्मल्यावर एक-दोन तासांत उभं राहून दूध शोधायला लागतं. हे नुसतं कौतुकाचं नाही, ती जगण्याची अट आहे. माणसात आईच्या अँटिबॉडीज वारेतून बाळापर्यंत पोचतात, घोडीच्या वारेतून त्या जवळजवळ पोचतच नाहीत. शिंगराला त्या मिळतात फक्त चिकातून. (गाईच्या ज्या दुधाचा आपण खरवस करतो, तोच चीक.) आणि शिंगराचं आतडं त्या अँटिबॉडीज जेमतेम पहिले २४ तास शोषू शकतं, तेही तासागणिक कमी कमी. म्हणजे पाय आखडलेलं शिंगरू उभं राहिलं नाही तर चीक नाही, आणि चीक नाही तर साध्या इन्फेक्शननेही ते जाऊ शकतं. म्हणून अशा वेळी पायाकडे बघायच्या आधी घोडीचं दूध काढून ते बाटलीने किंवा नळीने पाजतात.

आता पायाची रचना. घोड्याच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणजे खरं तर आपलं मनगट. त्याच्या खालचा सांधा, फेटलॉक, हा आपल्या बोटाच्या पेराजवळचा. थोडक्यात, घोडा आयुष्यभर एका बोटाच्या टोकावर उभा असतो! पायाच्या मागच्या बाजूने लांब टेंडन खुरापर्यंत जातात आणि दोरीसारखे सगळं ताणून धरतात.

ही दोरी जन्मतः आखूड पडली तर खूर किंवा फेटलॉक मागे दुमडतो, आणि शिंगरू खुराच्या टोकावर किंवा चक्क फेटलॉकच्या पुढच्या बाजूवर चालायला बघतं. त्यावर पहिल्या काही दिवसांत ऑक्सिटेट्रासायक्लिन शिरेतून देतात. हे साधं अँटिबायोटिक, पण मोठ्या डोसमध्ये टेंडन सैल पडायला मदत करतं. शिंगराच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर मात्र ते किडनीला महाग पडतं. जोडीला मऊ पॅडिंग घालून स्प्लिंट बांधतात, तेही सारखं सोडून तपासत, कारण कोवळ्या कातडीला लगेच जखम होते.

उलट दोरी सैल असेल तर फेटलॉक जमिनीला टेकायला येतो आणि खुराचं टोक वर उचललं जातं. दिसायला हे जास्त भयंकर, पण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप सुधारतं. इथे स्प्लिंट बांधलं तर स्नायू आणखी ढिले पडतात! थोडं चालणं आणि टाचेकडून मागे निघालेली पट्टी खुराला लावणं पुरतं. दोन्ही तक्रारी एकाच टेंडनच्या, उपाय बरोबर उलटे.

सगळ्यात इंटरेस्टिंग भाग म्हणजे समोरून बघितल्यावर एक्स आकारात दिसणारे पाय: गुडघे आत, खालचा भाग बाहेर. पाच अंशांपर्यंतचा असा कोन नवजात शिंगरात नॉर्मलच समजतात. छाती रुंद होत जाते तसे पाय सरळ होतात. त्याहून जास्त असेल तर पहिली टेस्ट हाताने करतात. पाय हळूच दाबून सरळ होतो का? होत असेल तर दोष सांध्याच्या सैल लिगामेंटमध्ये किंवा गुडघ्यातल्या छोट्या हाडांमध्ये आहे. ही हाडं गर्भातल्या शेवटच्या दोन महिन्यांत कडक होतात. शिंगरू वेळेआधी जन्मलं किंवा जुळं असलं तर ती कूर्चेचीच राहिलेली असू शकतात. तशा पायावर त्याला हुंदडू दिलं तर ती चिरडतात आणि मग कायमची वाकडी घट्ट होतात. म्हणून एक्स-रे आधी, पळापळ नंतर.

दाबूनही सरळ होत नसेल तर बिघाड हाडाच्या ग्रोथ प्लेटमध्ये असतो. इथे आपला कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर कामाला येतो. एका बाजूवर थोडा जास्त दाब आला तर ती बाजू थोडी जास्त वाढते आणि पाय सरळ होतो. हा निगेटिव्ह फीडबॅक. पण दाब मर्यादेबाहेर गेला तर ती बाजू वाढायचीच थांबते, कोन वाढतो, दाब आणखी वाढतो. सिस्टिम अनस्टेबल! म्हणूनच शिंगराला कुरणात न सोडता बॉक्समध्ये ठेवतात आणि खुराची बाहेरची कड थोडी तासतात.

तरी जमलं नाही तर वाढीच्या जास्त बाजूला ग्रोथ प्लेट ओलांडून स्क्रू घालतात. दुसरी बाजू मग गाठते. स्क्रू वेळेवर काढला नाही तर पाय उलट्या दिशेने वाकतो, म्हणजे ओव्हरशूट. फेटलॉकजवळची वाढ पहिल्या तीन महिन्यांतच बहुतेक संपते, म्हणून तिथलं ऑपरेशन साधारण दोन महिन्यांच्या आत. गुडघ्याजवळ थोडी उसंत असते, पण वेगाची वाढ तिथेही पहिल्या सहा-आठ महिन्यांतलीच. इथे बॅकलॉग क्लिअर करायला पुढची टर्म नाही.

आधी आणखी एक ऑपरेशन फार लोकप्रिय होतं: कमी वाढणाऱ्या बाजूच्या हाडावरचं आवरण कापून उचलायचं, म्हणजे ती बाजू जोरात वाढेल. पाय सरळ व्हायचे, सर्जन खूश, मालक खूश. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शिंगरांचे पाय मुद्दाम वाकवून हे तपासलं गेलं. नुसती विश्रांती आणि खुराची तासणी यांच्यापेक्षा ऑपरेशनचा जास्त उपयोग दिसला नाही. कंट्रोल ग्रुप नसलेला प्रयोग आपल्या लॅबमध्ये सरांनी चालवून घेतला नसता. इथे तो वर्षानुवर्षं चालला, हे मला पटत नाही.

आणि ‘सरळ’ म्हणजे तरी किती सरळ? २००४ साली अँडरसन आणि मॅकइलरेथ यांनी रेसच्या घोड्यांची मापं घेतली, तेव्हा गुडघ्याचा किंचित बाहेरचा कोन असलेल्यांमध्ये गुडघ्याची फ्रॅक्चर्स कमी निघाली. अमेरिकेतला रिअल क्वाएट हा घोडा तर अरुंद बांध्यामुळे आणि वाकड्या पायांमुळे फक्त १७,००० डॉलरला विकला गेला होता. १९९८ साली त्याने केंटकी डर्बी आणि प्रीकनेस जिंकल्या, आणि तिसरी बेलमाँट फक्त नाकाच्या अंतराने हरला.