तिस्ता नदीवरचा जुना पूल

आम्ही गावची काही मंडळी पश्चिम बंगालमध्ये एक जुना पूल पाहायला गेलो होतो. सिलिगुडी शहराजवळ सेवोक नावाचे ठिकाण आहे. तिथे तिस्ता नदी हिमालयातून खाली उतरते. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये खोल, धावते पाणी.

या पुलाचे नाव कॉरोनेशन पूल. लोक मात्र त्याला बाघपूल म्हणतात. बाघ म्हणजे वाघ. पुलाचे काम १९३७ साली सुरू झाले आणि १९४१ साली पुरे झाले.

तात्यांनी खाली डोकावून पाहिले. म्हणाले, "पाण्यात एक बी खांब न्हाई. मग ह्यो उभा कसा?"

त्याचे कारण असे. नदी इथे खोल. पाण्याला ओढ फार. पात्रात खांबाचा पाया घालता येईना. म्हणून काँक्रीटची मोठी कमान बांधली. तिची टोके दोन्ही काठांच्या खडकात रोवली. गाडीचे वजन कमानीवरून काठांकडे जाते. खडक ते झेलतो.

काँक्रीट सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे करतात. ते दाब सोसते, पण ताण पडला की तडकते. म्हणून त्याच्या पोटात लोखंडी सळया घालतात. तड्यातून पाणी आत गेले, की सळई गंजते. गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते.

सप्टेंबर २०११ मध्ये सिक्कीमला भूकंप झाला. त्यात या पुलाला इजा झाली. पुढे त्यावरून जड गाड्यांना बंदी करण्यात आली.

पूल पडला तर काय होते, हे आपण महाराष्ट्रातही पाहिले आहे. महाडजवळ सावित्री नदीवर जुना दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. त्यांतली माणसे घरी परतली नाहीत.

मंडळी, आता आपल्याला वाचता येते. पुलाजवळ वजनाची पाटी असेल, तर ती वाचा. आपली गाडी त्याहून जड असेल, तर पुलावर घालू नका. पुलावरून पुराचे पाणी वाहत असेल, तर अलीकडेच थांबा. तडा किंवा उघडी सळई दिसली, तर ग्रामपंचायतीला अर्ज लिहा.

परतताना तात्या म्हणाले, "आपल्या ओढ्यावरच्या पुलाची सळई उघडी पडलीया. आजवर नुसतं बघत व्हतो. आता घरी गेलो की पयला अर्ज मीच लिवतो."