अर्थशास्त्रातील पीएच.डी. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

परदेशी जाऊन डॉक्टरेट करावयाची तर घरची शेती विकावी लागते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. इतर पदव्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही असेल, अर्थशास्त्राच्या पीएच.डी.च्या बाबतीत मात्र वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत या विद्यार्थ्याला शुल्क माफ असते आणि राहण्या-जेवण्यापुरते विद्यावेतन विद्यापीठच देते. त्याच्या बदल्यात त्याने पदवीच्या वर्गांना शिकविण्यास मदत करावयाची किंवा प्राध्यापकांच्या संशोधनात हातभार लावावयाचा. एम.ए. असलेच पाहिजे असेही नाही. मात्र आपली तीन वर्षांची पदवी सर्वत्र चालत नाही, तेवढे आधी पाहून घ्यावे.

मग अडचण कोठे येते? अनुभवाने सांगते, ती पैशात नाही, गणितात आहे. माझे पहिल्या वर्षीचे सहाही अर्ज नाकारले गेले तेव्हा मला हे कळले.

आपण बी.ए.च्या पहिल्या वर्षी मागणी-पुरवठ्याची आकृती काढतो. दोन रेषा एकमेकींना छेदतात, तो बिंदू म्हणजे समतोल. त्या का छेदतात? बाईंनी फळ्यावर तशा काढल्या म्हणून! वस्तुतः त्यासाठी एक अट लागते. समजा, एकच कारखाना आहे. भाव १० रुपयांच्या खाली असेल तर यंत्र बंद. १० रुपये किंवा अधिक मिळाले तर पूर्ण क्षमतेने १०० नग. गिऱ्हाइकाला १० रुपयांना हवेत ६० नग, आणि भाव वाढला की त्याहून कमी. आता ९ रुपये ९० पैशांना माल नाही, १० रुपयांना माल शिल्लक. समतोलाची किंमत कोठे आहे? कोठेच नाही, कारण पुरवठ्याची रेषा मध्येच तुटली आहे. ही ‘न तुटण्याची’ अट गणितात सातत्य म्हणून ओळखली जाते. हे झाले एका बाजाराचे. सर्व बाजार एकाच वेळी समतोलात येऊ शकतात का, हा प्रश्न वाल्रासने एकोणिसाव्या शतकात मांडला; त्याची काटेकोर सिद्धता ॲरो आणि डेब्रू यांनी १९५४ मध्ये दिली आणि तीत स्थिरबिंदूचे प्रमेय वापरले. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी शिकवतात ते हेच. म्हणून निवड समिती आपल्या गुणपत्रिकेत ‘भारताची आर्थिक समस्या’ या विषयातले ७५ गुण पाहत बसत नाही. ती कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि शक्य तर रियल ॲनालिसिस शोधते. जी.आर.ई.च्या गणिती भागात १७० पैकी १६५च्या पुढे गुण असले तरी ती केवळ पहिली चाळण समजावी.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला असतो. वास्तविक अकरावी-बारावीला कला शाखेतही गणित घेता येते, पण किती महाविद्यालये ते शिकवितात? मी दोन वर्षे एन.पी.टी.ई.एल.चे वर्ग ऐकून, त्यांच्या परीक्षा देऊन ही उणीव काही अंशी भरून काढली. उशीर झाला, एवढे खरे.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. बहुधा तीन लागतात आणि त्यांना फार वजन असते. आपल्या गुरुजनांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते, ‘विद्यार्थिनी सुशील, नियमित व आज्ञाधारक आहे’ या वाक्याचा तिकडे काहीही उपयोग होत नाही. तिने कोणता प्रश्न घेतला, आकडेवारी कशी हाताळली, कोठे अडली आणि मग काय केले, हे लिहावे लागते. मला एके ठिकाणी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे उत्तर मिळाले होते. पत्र परस्पर विद्यापीठाकडे जावयाचे असते, तेव्हा हा मार्ग सचोटीचाही नाही आणि उपयोगाचाही नाही.

उद्देशपत्राचा माझा पहिला मसुदा ‘लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड आहे’ असा सुरू झाला होता. तो फाडला. दुसऱ्यात कांदाचाळीपासून आरंभ केला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. बंदीची नुसती शंका आली तरी शेतकरी चाळीतला माल लवकर बाहेर काढतो का, आणि काढत असेल तर भाव बंदीच्या आधीच पडतो का? समितीला असा प्रश्न हवा असतो. आवड सर्वांनाच असते.

आता पैशाविषयी. विद्यावेतनाचा आकडा रुपयांत गुणून हरखून जाऊ नये. त्या गावच्या खोलीभाड्याशी ताडून पाहावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मदत किती वर्षांची आहे हे लेखी घ्यावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. ती तीन वर्षांची होती. मुदत सरल्यावर १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, पैसे साठवून आणि कर्जही काढून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये. आजही हे काम पाच-सहा वर्षांचे असते. ‘पहिले वर्ष देतो, पुढचे पाहू’ असे एक पत्र मला दुसऱ्या वर्षी आले. घरी सर्वांना आनंद झाला होता. मी नकार कळविला. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ज्यांना देशातच राहावयाचे आहे त्यांना नेट परीक्षेतून जे.आर.एफ. मिळविता येते. २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा मार्गही आहे, परंतु तेथेही गणित चुकत नाही.

परदेशी अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात संपते आणि प्रत्येक अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास शुल्क पडते. काही विद्यापीठे विनंती केल्यास ते माफ करतात, तेव्हा विचारण्यास लाजू नये. मदतीसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यावयाचे असते. यंदा माझे तीन अर्ज गेले आहेत. रियल ॲनालिसिसच्या माझ्या दोन्ही वह्या ग्रंथपालांकडे ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी नेऊन उतरवून घ्याव्यात. दुसऱ्या वहीतील सातव्या उदाहरणाची सिद्धता चुकली आहे, ती मला अजून सुधारता आलेली नाही.