घर दोघांचे, पत ज्याची त्याची

आपल्या लग्नात केतुबाचे वाचन होते, तेव्हा नवरा बायकोला काय देणे लागतो ते साक्षीदारांच्या सह्यांनिशी कागदावर येते. संसार एक झाला तरी देणेघेणे लेखी असावे ही शिकवण आपल्याला नवी नाही. तरीही अमेरिकेत घर घेताना आपली अनेक जोडपी एका गोष्टीपाशी अडखळतात, म्हणून आज त्याविषयी लिहितो. गृहकर्जाचा अर्ज नवराबायकोने एकत्र केला तरी येथे ‘दोघांची मिळून’ अशी पत नसते. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्यांकडे प्रत्येकाची वेगळी वही असते. लग्नाने त्या वह्या जोडल्या जात नाहीत.

या वह्यांवरून ३०० ते ८५० पर्यंतचा एक आकडा काढतात. फायको कंपनीच्या हिशेबात हप्ते वेळेवर भरले की नाही याला ३५ टक्के आणि किती उधारी अंगावर आहे याला ३० टक्के महत्त्व असते. गृहकर्ज देणारे साधारणपणे प्रत्येकाचे तीन आकडे मागवून मधला धरतात, आणि मग दोघांपैकी ज्याचा मधला आकडा कमी त्यावर व्याजाचा भाव ठरवतात. समजा नवऱ्याचे आकडे ७४८, ७६० आणि ७७१, तर बायकोचे ६२८, ६४१ आणि ६५५ आहेत. कर्ज ६४१ च्या भावाने मिळेल. ७६० चा उपयोग फारसा नाही. यामुळे व्याज साडेसहाऐवजी सात टक्के पडले असे हिशेबापुरते धरू. तीन लाख डॉलर तीस वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १०० डॉलरने वाढतो. पूर्ण मुदतीत हा फरक जवळजवळ ३६,००० डॉलर होतो.

बायकोचा आकडा कमी म्हणजे तिने पैसे बुडवले, असे मुळीच नाही. पुष्कळदा उलट असते. आपण लहानपणापासून ऐकत आलो की उधारी करू नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत. भारतात पतपेढीकडे गेलो तर पगाराची पावती आणि ओळखीचे दोन जामीन पुरत. येथे ज्याने कधी उधार घेतलेच नाही त्याची वही कोरी असते, आणि कोऱ्या वहीवर फायकोचा आकडाच निघत नाही. निदान सहा महिने जुने एक तरी खाते लागते. भारतातील चोख व्यवहार या वह्यांत आपोआप येत नाही. काही घरांत बायको परिचारिका म्हणून आधी येते आणि नवरा मागून. तेथे कोरी वही नवऱ्याची असते.

मराठीत ‘पतीची चौकशी’ म्हटले की ती पतेची की नवऱ्याची असा घोटाळा होतो. १९७४ पर्यंत अमेरिकन बँकांचाही तोच घोटाळा होता! विवाहित स्त्रीची पत म्हणजे नवऱ्याची पत. तिचा पगार अर्धाच धरत, कधी अजिबात धरत नसत, आणि मुले होणार का हेही विचारत. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून असा भेद करण्यास बंदी केली. १९७७ पासून तर जे खाते दोघे वापरतात त्याची नोंद दोघांच्या नावे कळवणे धनकोंवर बंधनकारक झाले.

पण कायदा झाला म्हणून वही भरत नाही. आमच्या पिढीतील कितीतरी भगिनींनी नवऱ्याच्या खात्यावरचे कार्ड वापरण्यात आयुष्य काढले. नवरा गेल्यावर ते कार्ड बंद होते. साठीच्या बाईला तेव्हा स्वतःच्या नावाने लहानसे कर्ज काढणेही जड जाते. म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षीच दोघांनी आपापल्या नावाचे एकेक कार्ड घ्यावे. अनामत ठेवून मिळणारेही चालेल. थोडे वापरावे आणि दर महिन्याला पूर्ण फेडावे. हजार डॉलरच्या मर्यादेवर आठशे थकीत ठेवले तर हप्ता वेळेवर भरूनही आकडा उतरतो.

एकाचीच पत चांगली असेल तर त्याने एकट्याने अर्ज करता येतो, मात्र मग त्याचेच उत्पन्न धरतात. कर्जावर एकाचे नाव असले तरी घराच्या खरेदीखतावर दोघांचे घालता येते. याच्या उलट, कर्जावर सही आणि खतावर नाव नाही, असे कोणीही होऊ देऊ नये. तेथे देणे पूर्ण आणि मालकी शून्य. कॅलिफोर्निया, टेक्सास अशा नऊ राज्यांत नवराबायकोच्या मिळकतीचा कायदा निराळा आहे. तेथे एफएचएच्या कर्जासाठी अर्जात नसलेल्या जोडीदाराचे कर्जही हिशेबात घेतात.

भाच्याच्या मोटारीच्या कर्जावर प्रेमाने सही केली असेल तर तेही आपल्याच वहीत दिसते. जामीन राहण्याविषयी मिश्लेच्या सहाव्या अध्यायात आधीच बजावून ठेवले आहे; आपण मात्र नात्यापुढे ते विसरतो.

घर पाहू लागण्याच्या सहा महिने आधी दोघांनी आपापल्या वह्यांची प्रत तिन्ही कंपन्यांकडून मागवावी. ती मोफत मिळते. त्यात आधी नाव पाहावे. आपल्यापैकी काहींच्या एका कागदावर कोकणातल्या गावाचे ‘कर’ आडनाव असते, तर दुसऱ्यावर वडिलांचे नावच आडनाव झालेले असते. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन अर्धवट वह्या होतात, किंवा दुसऱ्याच कुणा डेव्हिड किंवा सॅम्युअलचे थकलेले बिल आपल्या माथी बसते. चूक लेखी कळवली की कंपनीने साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. अर्ज केल्यापासून किल्ली हाती येईपर्यंत नवे कार्ड, नवी मोटार, हप्त्याने फर्निचर, काही घेऊ नये.

अर्ज नाकारला गेला तर गप्प बसू नये. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत निर्णय कळवणे धनकोवर बंधनकारक आहे, आणि नकाराचे नेमके कारण मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ज्या कंपनीच्या अहवालावरून नकार दिला तिच्याकडून ६० दिवसांच्या आत मागितल्यास त्याची प्रत विनामूल्य मिळते. नवऱ्याला आलेल्या पत्रावरून बायकोची वही कळत नाही. प्रत दोघांनी वेगवेगळी मागवावी.